‘दात टेकत नाहीत, डॉक्टर’

मे महिन्याच्या सुट्टीत जबड्याचं ऑपरेशन उरकून घ्यायचं, असा बऱ्याच घरांचा बेत असतो. त्यामुळे जून उजाडला की माझ्याकडे एकाच मजकुराची पत्रं सुरू होतात: दात नीट टेकत नाहीत, बाईट (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) बिघडली का? सोबत दोन्ही हातांनी ओठ ताणून धरलेला, भावाने नाहीतर नवऱ्याने काढलेला फोटो. त्या फोटोवरून मला काहीही सांगता येत नाही. सांधा जागेवर बसलाय का, दात खरोखर चावलेत की फोटोपुरता जबडा पुढे ओढलाय, यातलं काहीच त्यात दिसत नाही. तरी पत्रं थांबत नाहीत, म्हणून या वेळी काहींना एकत्रच उत्तरं देते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे-मागे असलेले जबडे एकमेकांशी जुळवण्याचं हे ऑपरेशन. वरचा जबडा नाकाच्या खालून आडवा कापून मोकळा करतात. खालचा दाढांच्या मागे दोन्ही बाजूंना उभा दुभंगून पुढे-मागे सरकवतात. मग टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूंनी हाड धरून ठेवतात. पूर्वी वरचे-खालचे दात सहा आठवडे तारेने बांधून ठेवत. आता बहुतेकांना तसं बांधावं लागत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. तोंड मोकळं आहे म्हणजे सगळं पक्कं झालं, असं लोक धरून चालतात. झालेलं नसतं.

ऑपरेशनला बारा दिवस झाले. उजवा गाल डाव्यापेक्षा मोठा दिसतो. चेहरा वाकडा बसवला गेला का? (कोल्हापूर)

सूज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते, दोन-तीन आठवड्यांत बरीचशी ओसरते आणि उरलेली काही महिने रेंगाळते. दोन्ही गाल एकाच वेगाने उतरतील असा नियम नाही. मात्र उतरलेली सूज पुन्हा चढली, गाल गरम-लाल झाला, ताप आला किंवा तोंडात घाण चव येऊ लागली, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

पुण्याला एमआरआय करायचा आहे आणि नंतर विमानाने जायचं आहे. प्लेटमुळे काही अडेल का? (सोलापूर)

टायटॅनियममुळे सहसा काही अडत नाही. एमआरआयच्या तंत्रज्ञाला आधी सांगा, डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा. वरच्या जबड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर प्रवासाची तारीख सर्जनला विचारून ठरवा.

सासूबाई म्हणतात वरण, भात आणि दुधाने जखमेत पू होतो. म्हणून मुलाला नुसती पेज आणि नारळपाणी देते आहे. तीन आठवड्यांत सहा किलो वजन घटलं. (सातारा)

पू जंतूंमुळे होतो. वरणामुळे झालेला पू मी अजून पाहिलेला नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि आजच वरण शिजवा.

हाड भरून यायला प्रथिनं लागतात आणि नुसत्या पेजेत ती फारशी नसतात. मुगाचं कढण, घट्ट वरण मिक्सरमधून काढून, नाचणीचं सत्त्व दुधातून, ताक, तूप घातलेली पातळ खिचडी, चालत असेल तर अंडं आणि गाळलेलं चिकन सूप, असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. एका वेळी वाटीभरच जाईल, पण दिवसातून सात-आठ वेळा जाऊ द्या. दर वेळी खाऊन झालं की चूळ भरायची आणि मऊ ब्रश फिरवायचा. थोडं वजन सगळ्यांचंच उतरतं, पण सहा किलो हे थोडं नाही. सर्जनला कळवा आणि आहारतज्ज्ञांना भेटा. ‘हाड लवकर भरणारं’ म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला महागडा डबा, डॉक्टरांनी लिहून दिला नसेल तर परत करा. डिंकाचे लाडू पुढच्या हिवाळ्यात.

पावसाने सर्दी झाली आहे. वरच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. नाक शिंकरू का? (चिपळूण)

नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. नाक चोंदलं असेल तर कोणते थेंब चालतील ते सर्जनला फोन करून विचारा, घरातले जुने थेंब वापरू नका.

खालचा जबडा मागे होता, तो पुढे आणला. पाच आठवडे झाले. उजवीकडे एकच दाढ लागते, बाकी दात अधांतरी. वरच्या-खालच्या दातांवरच्या हुकांना अडकवायचे छोटे रबर लावायला सांगितले होते, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता येत नाही म्हणून फक्त रात्री लावते. घराजवळच्या दवाखान्यात म्हणाले, उंच दाढ घासून एका बैठकीत बाईट जुळवून देतो, शिवाय अलाइनरचं (दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांचं) पॅकेज सवलतीत. करू का? (डोंबिवली)

करू नका. आणि हे उत्तर लांबणार आहे, कारण आठवड्यातून एकदा तरी मी हेच कुणाला ना कुणाला समजावत असते.

ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही जबडे जुळवतो, दात शेवटच्या कणापर्यंत जुळवत नाही. ते काम दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांचं, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टचं, आणि ते त्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर चालतं. कित्येकदा मागे थोडी फट मुद्दाम राखलेली असते. दाढा तारेने हळूहळू वर ओढून ती भरायची, असं आधीच ठरलेलं असतं. तुमची फट त्यातली आहे की नाही, हे तुमची मूळ योजना ज्यांच्याकडे आहे तेच सांगू शकतात. मी नाही आणि घराजवळचा दवाखाना तर नाहीच.

शिवाय तुमच्या स्नायूंना अजून जुनाच चावा पाठ आहे. वीस-पंचवीस वर्षं जबडा ज्या वाटेने बंद होत आला, त्याच वाटेने तो आजही जाऊ पाहतो. रबर त्याला नवी वाट शिकवतात. तेच तुम्ही मीटिंगसाठी काढून ठेवता! चोवीस तास लावायला सांगितलेले रबर आठ तास लावून ‘बाईट बसत नाही’ अशी तक्रार करायची, हे माझ्या डोक्यात बसत नाही. महिनाभर मीटिंगमध्ये तुमचं बोलणं थोडं बोबडं ऐकू आलं तर कंपनी बुडणार नाही. तुम्हाला नेमके किती तास सांगितले होते, ते कागदावर पाहा. कागद नसेल तर विचारून लिहून घ्या. कोणत्या हुकापासून कोणत्या हुकापर्यंत रबर लावायचा, त्याचा आरशात फोटो काढून ठेवा. उलटसुलट लावलेला रबर जबडा भलतीकडेच ओढतो.

आता मला ज्याची खरी धास्ती वाटते ते. क्वचित हाडाचा तुकडा खरोखर सरकतो. कधी स्क्रू ढिला होतो, कधी कानापुढच्या सांध्यात जबड्याचं टोक नीट बसलेलं नसतं आणि भूल उतरल्यावर, स्नायू जागे झाल्यावर ते लक्षात येतं. तेव्हा बाईट अचानक बदलते. काल टेकणारे दात आज टेकत नाहीत, खालच्या दातांची मधली रेषा एका बाजूला पळते, पुढच्या दातांत फट उघडते, किंवा चावताना कट् असा आवाज येऊन दुखतं. यातलं काहीही झालं तर दोन दिवसांत एक्स-रे झाला पाहिजे. पहिल्या काही आठवड्यांत हाड पुरतं जुळलेलं नसतं, तोवर रबरांची दिशा बदलून किंवा प्लेट पुन्हा बसवून बरंच सावरता येतं. हाड चुकीच्या जागी घट्ट झालं की मग उरतं दुसरं ऑपरेशन. लोक मात्र ‘बसेल हळूहळू’ म्हणत तीन महिने काढतात, वर कुणीतरी नातेवाईक सांगतो की आमच्या पुतण्याचंही असंच होतं. पुतण्याचा एक्स-रे मी पाहिलेला नाही.

दाढ घासण्याबद्दल. ती दाढ उंच नाही, जबडा अजून वाटेत आहे. आज घासाल तर दोन महिन्यांनी जबडा जागेवर बसेल तेव्हा नेमकी तीच दाढ टेकणार नाही. घासलेलं इनॅमल परत येत नाही. माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती. चार दाढा घासून झालेल्या, सगळं स्थिरावल्यावर त्या चारही बुटक्या. शेवटी त्यांच्यावर कॅप बसवाव्या लागल्या, बाविसाव्या वर्षी. दात किंचित घासून चावा नीटनेटका करतात, नाही असं नाही. पण ते सर्वांत शेवटी, मोजून, तारेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि अलाइनर दात हलवतात, न जुळलेला जबडा धरून ठेवत नाहीत. तुमच्याच ऑर्थोडॉन्टिस्टने योजनेत अलाइनर धरले असतील तर गोष्ट वेगळी. पॅकेज, सवलत आणि ‘आज बुक केलं तर’ ही भाषा जिथे ऐकू येते तिथे खुर्चीवर बसूच नका.

उद्या सकाळी सर्जन आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघांनाही फोन करा. दोघांनाही, कारण एकाला विचारलं की दुसऱ्याला ते कळलंय असं पेशंट गृहीत धरतात.

तीन महिने झाले, खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. नस कापली गेली का? बी-१२ ची इंजेक्शनं घेऊ का? (नाशिक)

खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच जाते आणि हाड दुभंगताना ती ताणली जाते. बहुतेकांची संवेदना महिन्यामहिन्याने परत येते, कधी वर्षही लागतं. मुंग्या येऊ लागल्या तर चांगलं चिन्ह. काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो, आणि हे ऑपरेशनआधी तुम्हाला सांगायला हवं होतं. इंजेक्शनांनी नस शिवली जात नाही. शरीरात बी-१२ कमी असेल तर घ्या, तेही तपासून. दर भेटीत बधिर भागाची नोंद करून घ्या, म्हणजे सुधारणा होतेय की नाही ते कळेल. चहा जरा निववून प्या, ओठ भाजला तरी समजणार नाही.

आठवडे झाले आठ. तोंड दोन बोटंच उघडतं. मिश्री पुन्हा सुरू करू का? (बार्शी)

मिश्री? नाही. आठ आठवड्यांनीही नाही आणि आठ वर्षांनीही नाही. तंबाखू जखमेचा रक्तपुरवठा कमी करते, हाड भरणं लांबवते, आणि पुढे काय करते ते तुम्हाला माहीत आहे.

तोंड स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं उघडायला हवं, म्हणजे साधारण 40 मिलिमीटर. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत रचून रोज एक वाढवत नेणं हा जुना आणि चांगला व्यायाम आहे, पण सर्जनने परवानगी दिल्यावर. सुपारी खाण्याची सवय असेल तर तेही खरं सांगा. सुपारीने गाल आतून आखडतात, त्यावर काड्यांचा व्यायाम पुरत नाही आणि त्याची वेगळी तपासणी लागते.

नवव्या आठवड्यात लग्न आहे. केळवणात काय खाऊ? (अमरावती)

पुरणपोळी दुधात कुस्करून. चकली, चिवडा, विडा नाही. बाकीचं सर्जनला विचारा. रबर हळदीच्या दिवशीही लावायचे की नाही, तेही.

दीड वर्ष झालं. रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा) सहा महिन्यांपूर्वी हरवला. आता पुढच्या दातांत कागद सरकेल एवढी फट आहे. जुनं सगळं परत येतंय का? (बंगळुरू)

नुसते दात सरकले असतील, जिभेचा दाब असेल, किंवा सांध्याचं टोक झिजत असेल. पहिल्यात नवा रिटेनर किंवा थोडी तार पुरते. तिसऱ्यात मामला गंभीर. फरक ऑपरेशननंतरचे आणि आत्ताचे एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. जुने रेकॉर्ड काढा आणि याच आठवड्यात जा. सहा महिने तुम्ही आधीच घालवलेत.

मी न्यू जर्सीत असतो. तिकडे खर्च फार. तीन आठवड्यांची सुट्टी काढून पुण्यात ऑपरेशन करून परत जाता येईल का? (न्यू जर्सी)

ऑपरेशन तीन आठवड्यांत होईल. उपचार होणार नाहीत. बहुतेकांना आधी वर्षभर किंवा जास्त तारा लागतात, नंतर काही महिने. चौथ्या आठवड्यात बाईट हलली तर रबर कोण बदलणार? आधी तिकडचा एक ऑर्थोडॉन्टिस्ट आणि गरज पडल्यास बघणारा एक सर्जन शोधा. ते पुढचं सगळं सांभाळतील असं त्यांच्याकडून लेखी घ्या, त्यांची इकडच्या सर्जनशी एकदा गाठ घालून द्या. तिकीट त्यानंतर काढा.