वाचक विचारतात : बार्शी लाइट इतकी अरुंद का होती?

प्रश्न : आमचे आजोबा लातूरहून पंढरपूरच्या वारीला ‘बार्शी लाइट’ रेल्वेने जात. एवढी लांबची लाइन इतकी अरुंद का बांधली? आणि ती बंद कधी पडली?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अरुंद म्हणजे हलक्या प्रतीची, असं पुष्कळजण धरून चालतात. माझे वडील कुर्डुवाडीच्या लोको शेडमध्ये फायरमन होते, त्यामुळे हे ऐकलं की मला राहवत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने विचारपूर्वक रुळांत अडीच फुटांचं अंतर ठेवलं. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम. भार असा सारखा विभागला की एका यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंड वजनाचे हलके रूळसुद्धा पुरतात आणि लाइन स्वस्तात होते. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती.

१८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी धावली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज; सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १ जानेवारी १९५४ ला ती कंपनीकडून सरकारकडे आली. आषाढीला तर टपावरही माणसं बसत.

नडलं ते कुर्डुवाडीला. तिथे मोठ्या, म्हणजे रुंद रुळांच्या लाइनची गाठ पडे; अरुंद वाघिणी तिच्यावर चालत नसत, म्हणून प्रत्येक पोतं हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. शेंगांच्या पोत्यात हुक घुसला की शेंगा फलाटभर सांडत, आणि बायका-पोरं त्या ओच्यात वेचून घेत. यात वेळ जाई, माल घटे, हमाली वर. ट्रक दारात येऊ लागल्यावर व्यापारी कशाला थांबेल?

एका दिवसात मात्र ती बंद पडली नाही. टप्प्याटप्प्याने रुंद झाली: आधी कुर्डुवाडी–पंढरपूर, मग २००८ पर्यंत लातूर, शेवटी पंढरपूर–मिरज. जुनी गाडी धाराशिव शहरात जातच नव्हती. नव्या लाइनने वळसा घेऊन ते गाठलं, आणि हे फार चांगलं झालं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी याच वाटेने. आजोबांचा प्रवास तुम्हाला आजही करता येईल. गाडी तेवढी कुर्डुवाडीला बदलावी लागेल का, ते वेळापत्रकात बघून घ्या.