कोस्टा रिकाचं सत्र की पुढचं मास्टर्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाश्वत विकासावरच्या एका सत्रासाठी (सेमिस्टरसाठी) तिला कोस्टा रिकाला जायचंय. क्षेत्रभेटी आणि छोटा संशोधन प्रकल्प धरून शुल्क डॉलरमध्ये. तिच्या शिक्षणासाठी साठवलेली निम्मी रक्कम त्यात संपेल, आणि पुढे मास्टर्स, पीएचडी आहेच. पाठवावं का?

आहे त्या स्वरूपात नको, असं माझं मत.

या क्षेत्राचं एक वैशिष्ट्य आहे. जसजसं वरच्या पायरीवर जावं, तसतसा खर्च इतर कुणीतरी उचलायला लागतं. मास्टर्ससाठी युरोपीय संघाची एरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क भरावं लागत नाही, शिवाय महिन्याला 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते. पदवीच्या मधल्या सत्राला मात्र बहुतेकदा स्वतःच्याच खिशात हात घालावा लागतो. शिष्यवृत्ती हुकली तर मास्टर्सला हीच पुंजी कामी येणार आहे, म्हणून ती आत्ता मोडायला माझं मन घेत नाही.

तुम्ही म्हणाल, असा अनुभव असेल तरच पुढे शिष्यवृत्ती मिळते. बरोबर आहे, पण अनुभव कसला ते बघा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांचे रंगीत चौकोन माहितीपत्रकावर कुणीही छापू शकतं. आठवड्यावार वेळापत्रक मागवा. कोस्टा रिकात 1997 पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना त्यासाठी मोबदला मिळतो. विषय म्हणून सोनं आहे. पण त्या मोबदल्याने खरंच झाडं वाचली का, हे तपासायचं तर जंगलाच्या ठरावीक तुकड्यांतली झाडं मोजावी लागतात, जमीनमालकांशी बसून बोलावं लागतं. वेळापत्रकात यासाठी सलग पाच-सहा आठवडे आहेत की चार दिवसांची सहल? नोंदी मुलीला पुढे वापरता येतील का? शिफारसपत्र देणारा प्राध्यापक तिचं काम रोज बघणार आहे का? उत्तरं गुळमुळीत आली, तर ते महागडं पर्यटन समजा. (विमानप्रवासाच्या कार्बनचं तर मी बोलतच नाही.)

आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात विचारा, तिथल्या विद्यापीठाशी विद्यार्थी-विनिमय करार आहे का. असेल तर साधारणपणे शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरायचं असतं. वर फक्त प्रवास, राहणं, विमा. खर्चाचा आकडा तिथेच खाली येतो. तिथली क्रेडिट्स इकडे धरली जातील, असं पत्रही लेखी घ्या. ती धरली गेली नाहीत तर पदवी एक सत्र लांबेल, आणि तो खर्च तुमच्या हिशेबात नाहीच.

कर्जाबद्दलही विचारलंय. मास्टर्ससाठी जरूर काढा, या सत्रासाठी नको. एवढ्याने तिची कमाई लगेच वाढत नाही, हप्ते मात्र सुरू होतात. तरीही जायचंच ठरलं, तर पुंजीच्या पाव हिश्शापर्यंत जा, आणि डॉलर महागला तर म्हणून अंदाजावर दहा टक्के जास्त धरा. तुमच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावू नका.

आगाऊ रक्कम परत मिळणार नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा क्रेडिट्सचं पत्र हातात येईपर्यंत ती भरू नका. एरास्मस मुंडसच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात. शेवटच्या वर्षात ते महिने मुलीने मोकळे ठेवावेत.