डिसेंबरच्या शेवटी नागपूरहून ट्रेनने बर्फ बघायला निघालोय, बर्फामुळे गाड्या रद्द होतात का?

बिनधास्त जा. बर्फाची काळजी सोडा. तुमची गाडी अडलीच तर ती झाशी ते दिल्लीच्या मधे धुक्यात अडेल, आणि तिथे बर्फाचा कणही नसेल.

खरं तर एवढं लिहून मी थांबलो असतो. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "दिल्लीला दोन तासांनी शिमल्याकडची गाडी आहे, पण नागपूरहून राजधानीने जातोय, त्यामुळे उशिराचा प्रश्न नाही." हे वाक्य वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकलेलं आहे.

साडू पुण्याचे. माणूस चांगला, खर्चाला मोकळा, पण नागपुरात संत्री आणि उन्हाळा याखेरीज काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही. सगळ्यांनी मिळून शिमल्याला जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एक्सेलची शीट करून पाठवली. दुपारी नागपूरहून राजधानी, पहाटे साडेपाचच्या सुमारास निजामुद्दीन, टॅक्सीने नवी दिल्ली, पावणेआठच्या आत कालका शताब्दी, कालक्याहून टॉय ट्रेन, संध्याकाळी शिमला. प्रत्येक रकाना रंगवलेला. मी फोन करून म्हटलं, "भाऊ, डिसेंबर आहे. दिल्लीला एक रात्र टाका." तर म्हणाले, "अहो, एक रात्र म्हणजे हॉटेलचे पैसे आणि सुट्टीचा एक दिवस. राजधानी आहे, तिला कोण थांबवतंय?"

माझं लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील मालगाडीवर गार्ड होते. राजधानीला कोण थांबवतं हे मला शिकवायला पुण्याहून कोणी यायची गरज नव्हती. पण सासरचं प्रकरण, सासूबाई सोबत येणार, म्हणून गप्प बसलो.

निघालो तेव्हा नागपुरात छान ऊन होतं. सासूबाईंनी डबा भरून सांबारवड्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्या, आणि पिशवीभर संत्री घेतली होती. इटारसीपर्यंत वड्या संपल्या, भोपाळला जेवण झालं, साडूंनी सगळ्यांना पहाटे साडेचारचा गजर लावायला सांगितला आणि दिवे मालवले.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी जाग आली, कारण गाडी हलत नव्हती. दाराच्या काचेतून बघितलं तर बाहेर काहीच नाही. अंधारसुद्धा दिसत नव्हता, नुसता पांढरा पडदा. मग गाडी सरकली, थोडं गेल्यावर चाकाखाली "फट्" असा आवाज झाला आणि मला वडील आठवले. सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर फटाका बांधून ठेवतात. चाक त्यावरून गेलं की वाजतो, आणि ड्रायव्हरला कळतं की सिग्नल जवळ आला, डोळे फाडून बघ. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं फॉग सेफ डिव्हाइसही असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते सांगतं. पण सिग्नल कुठे आहे एवढंच सांगतं, लाल आहे की हिरवा ते सांगत नाही. ते ड्रायव्हरला स्वतःच बघावं लागतं. ताशी १३० ने पळणाऱ्या गाडीला ब्रेक मारल्यावर थांबायला एक किलोमीटर तरी लागतो आणि समोर दिसतंय पन्नास मीटर. म्हणून ते यंत्र असलं तरी धुक्यात जास्तीत जास्त ७५ ची मुभा, आणि ड्रायव्हरला वाटलं तर त्याहूनही कमी. पाटीवर राजधानी लिहिलंय म्हणून त्याला जास्त दिसायला लागत नाही.

लोक म्हणतात, राजधानीला आधी सोडतात. सोडतात ना. पण पुढच्या गाडीला बाजूच्या लाइनवर घेतल्याशिवाय कसं सोडणार? ती पुढची गाडीही धुक्यातच रांगत असते, आणि तिच्या पुढे आणखी एक. स्टेशन आल्याशिवाय कोणी कोणाला ओलांडू शकत नाही.

तर रात्रीचे तीन वाजले होते. झाशी मागे पडली होती, ग्वाल्हेर यायचं होतं. वेळापत्रकाप्रमाणे तेव्हा आग्रा जवळ यायला हवं होतं. धुकं त्या क्षणी विरलं असतं तरी शताब्दी मिळणं शक्य नव्हतं. मी साडूंना उठवलं. म्हटलं, "शताब्दी सुटायला अजून चार तासांच्या वर वेळ आहे. आत्ता रद्द केली तर अर्धे पैसे येतील. पावणेचारनंतर काही मिळणार नाही." तेव्हाचा नियम तसा होता. त्यांनी मोबाइल बघितला, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि म्हणाले, "मेक-अप करेल हो. मथुरेनंतर बघा कशी पळते ते."

मेक-अप! म्हणजे गाडीने पळून उशीर भरून काढणं. हा शब्द वडीलही वापरायचे, पण ते गाडी चालवणाऱ्यांत वावरलेले होते. प्रवाशाने तो वापरला की समजावं, प्रकरण हातचं गेलं. तिकिटं त्यांच्या अकाउंटवर होती, त्यामुळे मला काही करता येईना. मी तिथेच उभा राहून पावणेचार होताना बघितले.

साडेचारचे गजर सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम वाजले तेव्हा आम्ही एका शेतात उभे होतो.

आग्रा ते निजामुद्दीन या पट्ट्यात गतिमान एक्स्प्रेस २०१६ पासून १६० ने पळते. त्याच पट्ट्यात आम्ही सकाळ काढली. सासूबाई शांतपणे संत्री सोलून डब्यातल्या अनोळखी मुलांनाही देत होत्या. "काऊन घाई करता बाप्पा, पोहोचतोच ना," एवढंच त्या मधूनमधून म्हणत. निजामुद्दीनला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. शताब्दी केव्हाच कालक्याला पोचली होती, टॉय ट्रेनही आमच्या रिकाम्या सीट घेऊन निघून गेली होती.

पैसे गेले ते गेलेच, कारण तिन्ही तिकिटं सुटी काढली होती. एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडायची सोय आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापाकापी न होता परत मिळतात. साडूंच्या शीटमध्ये एवढे रंग होते, पण हा रकाना नव्हता. तुम्ही तिकीट काढतानाच जोडा.

रात्र शेवटी दिल्लीतच काढावी लागली, तीही ऐनवेळी मिळालेल्या महागड्या खोल्यांत. दुसऱ्या दिवशी बसने निघालो. आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. शिमल्याच्या अलीकडे शोघीला बर्फ सुरू झाला आणि बस थांबली. चाकं जागच्या जागी फिरू लागली, पुढे गाड्यांची रांग. आम्ही आत कुडकुडतोय, आणि डोंगराच्या अंगावरून टॉय ट्रेन शिट्टी मारत, पांढरी होऊन, आरामात शिमल्याकडे निघून गेली. ती लाइन १९०३ ची. तिने असे बर्फ कितीतरी पाहिलेत. सासूबाई खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "पाहा, आपली गाडी चालली." साडू तेव्हा मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत होते.

काश्मीरचंही तसंच. जम्मू-श्रीनगर रस्ता बर्फाने आणि दरडींनी बंद पडतो तेव्हा लोक बनिहालहून रेल्वेनेच खोऱ्यात जातात. मधला पीर पंजालचा बोगदा ११ किलोमीटरचा आहे, त्याच्या आत कुठला बर्फ पडणार? जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, तिच्या पुढच्या काचेत बर्फ वितळवणारी तार आहे, पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून गरम ठेवायची सोय आहे. बर्फात गाडी चालवायची तयारी केलेली आहे. धुक्यात लांबचं दिसायची तशी तयारी सगळीकडे झालेली नाही.

तुमचे आई-वडील सोबत आहेत असं लिहिलंय, म्हणून सांगतो, शिमल्यालाच जाणार असाल तर दिल्लीत रात्र धराच. श्रीनगरला जाणार असाल तर नागपूरवरून हिमसागर किंवा अंदमान एक्स्प्रेसने थेट कटरा गाठा आणि तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची वंदे भारत घ्या. या गाड्या पार दक्षिणेतून येतात, त्यामुळे वेळेवर येतील अशा भ्रमात राहू नका. नागपूरलाच गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि बेत रद्द करायचा असेल, तर ती प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज, भरा, सगळे पैसे मिळतात. गाडी सुटल्यावर भरून उपयोग नाही.

कोणी तरी आता लिहीलच की विमानाने जा. दिल्लीला धुक्यात उतरायची यंत्रणा आहे, पण विमानही तसं लागतं आणि वैमानिकही तसा शिकलेला लागतो. नाहीतर जयपूरला उतरवतात. साडू गेल्या वर्षी विमानाने गेले होते, त्यांना विचारा. मला त्यांनी काही सांगितलं नाही, मेव्हणीने सांगितलं.

थंडीचं म्हणाल तर २९ डिसेंबर २०१८ ला आपल्या नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, तेव्हा स्वेटरबिटर आहेतच घरात. फक्त आईंसाठी चांगल्या पकडीचे बूट घ्या, चपलांवर मोजे घालून बर्फात चालता येत नाही.

हेही खरं की रोज रात्री धुकं पडतंच असं नाही. एखाद्या दिवशी गाडी मिनिटाला मिनिट पोचते. खोऱ्यातही फारच जोराचा बर्फ झाला तर रूळ मोकळे होईपर्यंत गाड्या थांबवतात. साडू नंतर एकदा राजधानीने दिल्लीला वेळेआधी पोचले आणि स्टेशनच्या घड्याळाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली फक्त एक हसरा चेहरा. फेब्रुवारीचा शेवट होता. तेव्हा धुकं नसतंच, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आणि परतीचं बघून ठेवा. दिल्लीला उशिरा पोचलेला रेकच, म्हणजे डब्यांचा तोच संच, धुऊनपुसून परत पाठवतात, त्यामुळे निघायच्या दिवशी दिल्लीत लख्ख ऊन असलं तरी तुमची गाडी चार-पाच तास उशिरा सुटू शकते. सकाळी उठल्यावर तुमची गाडी बघत बसू नका, तिचा रेक घेऊन दिल्लीला येणारी गाडी कुठे पोचली ते बघा. २ जानेवारीला ऑफिस असेल तर रजा ३ तारखेपर्यंतची टाका.