बॉल पायथनला रोज थोडा वेळ अंगणात मोकळं सोडलं तर चालेल का?

तुमच्याकडे दोन वर्षांचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला साप, आहे, सारखा टाकीत कोंडलाय असं वाटून तुम्हाला वाईट वाटतं, म्हणून रोज अर्धा तास अंगणात सोडावा का, असं तुम्ही विचारलंय.

नका सोडू. हातात धरून पाच-दहा मिनिटं बाहेर आणणं वेगळं आणि जमिनीवर सोडणं वेगळं. माझा लाडू, तोही बॉल पायथनच, त्यातच गेला.

लाडू मला २०१८ मध्ये मिळाला. एक मित्र कायमचा जर्मनीला निघाला होता, तो देऊन गेला. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करायचा, म्हणून आईनेच ते नाव ठेवलं. पहिले आठ दिवस तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पुढं मी कामावर गेलो की त्याचं पाणी तीच बदलायची. २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची योजना आणली, तेव्हा मी त्याची रीतसर नोंद केली. ते कागद अजून कपाटात आहेत.

माझे दाजी शिराळ्याकडचे. बत्तीस शिराळा आणि नाग हे कोल्हापूर-सांगलीत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कोर्टाची बंदी यायच्या आधीची, जिवंत नागांची नागपंचमी दाजींनी लहानपणापासून पाहिलेली, मडक्यात ठेवलेले नाग हाताळलेले. त्यामुळे सापाचा विषय निघाला की आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

जानेवारी २०२२ मधला रविवार. ताई आणि दाजी आले होते. लाडूच्या टाकीसमोर उभं राहून दाजी म्हणाले, "अरे, ह्याला जरा ऊन दाव की. कोंबडीसारखं डालग्यात काय कोंडून घातलाईस?"

मी म्हटलं, "दाजी, ह्याला तसं ऊन लागत नाही. खाली हीटर आहे."

"सापाला ऊन लागत नाही? हे तू मला सांगणार?"

आलेल्या दाजींना दुसऱ्यांदा नाही म्हणणं मला जमलं नाही. ती चूक माझीच, आणि हे मी त्यांच्यासमोरही कबूल केलंय.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं, गच्ची शेजारच्यांच्या गच्चीला लागून. दहाच्या सुमारास लाडूला वर नेलं आणि तुळशीच्या कुंडीजवळ ठेवलं. पंधरा मिनिटं तो गोळा करून पडून होता. दाजी म्हणाले, बघ, कसा निवांत शेकतोय. तो शेकत नव्हता, भ्यायला होता. कठड्यावर दोन कावळे येऊन ओरडत होते आणि वर घारी फिरत होत्या. आईने चहाला हाक मारली म्हणून मी खाली गेलो. दाजींना फोन आला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोनच मिनिटं पाठ फिरली होती.

कठड्याच्या तळाशी पावसाचं पाणी जायला भोक असतं ना, त्यातून तो गेला. हा साप एरवी सुस्त दिसतो, पण अंधारं भोक दिसलं की थांबत नाही. भोकाखालचा पाइप दोन घरांच्या मधल्या बोळात उतरतो, आणि तिथं शेजाऱ्यांनी जुनी कौलं रचून ठेवलेली.

दोन रात्री आम्ही बॅटऱ्या घेऊन त्या बोळात होतो. कौलं एकेक करून उचलली. टाकीत लाडूची गरम बाजू ३२ अंशांवर आणि थंड बाजू २६ अंशांवर असायची. त्या रात्री बाहेर पारा १५ च्या आसपास होता. सापाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम राहतं, त्याला आतून ऊब नसते, हे तुम्हाला माहीत असेलच. मला झोप लागत नव्हती ती त्यामुळेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू ओरडल्या, "घोणस! घोणस!" त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जाड अंग, तपकिरी रंग, त्यावर ठिपके, लांबून बघणाऱ्याला घोणसच वाटणार. बघता बघता चार जण काठ्या घेऊन आले. मी अनवाणी धावलो, मधे घुसलो आणि दोन्ही हातांनी त्याला उचलला. माणसं माझ्यावर ओरडत होती. एकाची काठी माझ्या खांद्याला लागली.

हातात घेतला तेव्हा तो गोळा झाला नाही. नुसता लोंबत होता.

चार दिवसांनी तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, नाकाशी बुडबुडे, घशातून शिट्टीसारखा आवाज. छातीत संसर्ग. गावात साप तपासणारे डॉक्टर शोधायलाच दोन दिवस गेले. भेटले त्यांनी मन लावून इंजेक्शनं दिली. सापडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तो गेला. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

दाजी अजून म्हणतात, "कोंडून कोंडून त्याची ताकद गेली होती. आमच्याकडचा नाग असता तर दोन रात्रीत काही झालं नसतं." मागच्या महिन्यात भाच्याच्या बारशात चार पाहुण्यांसमोर पुन्हा तेच म्हणाले. मी गप्प बसलो. इथं मात्र लिहितो.

शिराळ्याचा नाग शिराळ्याच्या मातीतला आहे. तिथली थंडी, तिथलं ऊन, तिथली बिळं त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आणि तिथंसुद्धा तो दिवसा उन्हात पसरलेला नसतो. उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. म्हणजे ज्याला आपण कोंडणं म्हणतो ती अंधारी, अंगाला चिकटणारी जागाच त्याला हवी असते. उघड्या अंगणात तो मोकळा होत नाही, लपायला जागा शोधत असतो. तुम्हाला वाईट वाटत असेल तर टाकी मोठी घ्या, लपायला दोन जागा द्या, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, चढायला फांदी द्या. अंगणापेक्षा त्याला हे जास्त उपयोगी पडेल.

उन्हाबद्दल दाजी पूर्ण चुकीचे नाहीत, हेही सांगतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. पण अख्खा उंदीर खाणाऱ्या या सापाला ते खाण्यातून मिळतं. तरी ते किरण द्यायचेच असतील तर सापांसाठीचा कमी ताकदीचा दिवा मिळतो. काचेची टाकी उन्हात ठेवू नका. काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत आणि आत मात्र भट्टी होते. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये थोड्याच वेळात साप मरेल.

बाहेर आणायचाच असेल तर हवा २६ ते ३० अंश, सावली, आणि साप सगळा वेळ हातात. खाल्ल्यावर दोन दिवस नाही, कात टाकायच्या दिवसांत नाही. औषध फवारलेलं गवत नको, आणि आत आल्यावर खवल्यांखाली गोचीड बघा. रंकाळ्यावर नेऊन लोकांच्या हातात देणं तर अजिबात नको.

एक गोष्ट आधीच विचारायला हवी होती. तुमचा साप खरंच परदेशी आहे ना? धामण, दिवड, मांडूळ, अजगर असा इथला कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मग अंगणाचा प्रश्नच नाही, १९२६ वर वनविभागाला फोन करा. आणि बॉल पायथनच असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी झालीय का ते बघा. माझ्या लाडूला त्या दिवशी उचलल्यावर लोकांनी पहिला प्रश्न कागदांचाच विचारला.

लाडूची टाकी, हीटर आणि थर्मोस्टॅट माझ्याकडे पडून आहेत. कोल्हापूरच्या आसपास असाल तर घेऊन जा, पैसे नकोत. थर्मोस्टॅटची वायर तेवढी बदलून घ्या, टोकाशी सोललीय.