शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच चमचे आणता येत नाहीत

कोथरूडहून एक आई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या होत्या, मुलगा पावणेचार वर्षांचा, सोबत आजी. तक्रार अशी की शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो पण "पाच चमचे आण" म्हटलं की मूठभर उचलून आणतो, आणि सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी बेरजा करते म्हणे, मग याला गणिताचा काही प्रॉब्लेम तर नाही ना?

मी त्याच्यासमोर मटारच्या सहा शेंगा ठेवल्या, म्हटलं मोज बरं. तोंड पुढे पळालं, बोट मागे राहिलं, सहाच्या नऊ झाल्या. मग विचारलं "किती आहेत रे?" तर उत्तर द्यायच्या ऐवजी परत एकपासून सुरू. आईंचा चेहरा पडला, पण खरं सांगते, या वयात हे अगदी नॉर्मल आहे. आकडे म्हणणं म्हणजे आरती पाठ होते तसं पाठांतर. मोजणं वेगळं, त्यात एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटी जो आकडा येतो तेवढ्या सगळ्या मिळून वस्तू, हे कळावं लागतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याचे नियम मांडले त्यात हे दोन्ही आहेत, आणि दुसरं बऱ्याच मुलांना साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगतं, काहींना अजून उशिरा.

मग करायचं काय? मोजायच्या आधी तुलना. आजी मटार सोलायला बसल्या की कुठल्या शेंगेत दाणे जास्त, तुझी वाटी भरलेली की माझी. जेवायच्या वेळी प्रत्येकाच्या ताटात एक वाटी ठेवायला सांगायचं, उरली का, कमी पडली का ते त्यालाच बघू दे, आकड्याचं नाव पण काढू नका. मग "दोन दे", "तीन दे", घाई न करता पाचपर्यंत. मोजताना वस्तू उचलून बाजूला ठेवायची म्हणजे तीच दोनदा मोजली जात नाही. आजी म्हणाल्या, आमच्याकडे चिंचोके असायचे, मस्तच, फक्त घरात रांगणारं भावंड असेल तर नको, तोंडात जातात. आणि तेवढ्याच शेंगा लांब पसरून ठेवल्यावर तो "आता जास्त झाल्या" म्हणाला तर वाद घालू नका, पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं असंच म्हणायची.

बाबांनी अबॅकसचा क्लास बघून ठेवला होता, म्हटलं तूर्त राहू द्या.

पाच-साडेपाच वर्षांचं झाल्यावर सुद्धा मुलाला दोन-तीन वस्तू मागितल्यावर देता येत नसतील, जास्त-कमी कळत नसेल किंवा बोलणंही मागे वाटत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना भेटा, तेव्हा "होईल हळूहळू" म्हणत थांबू नका.