प्रश्न तुमचे : लघवीवरचा ताबा, व्यायाम आणि प्रकाशोपचार

प्रश्न : माझे वय ४७ आहे. दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली. गेली तीन वर्षे खोकला, शिंक आली किंवा जड वस्तू उचलली की थोडी लघवी होऊन कपडे ओले होतात. संकोचामुळे घरात कोणाला सांगितलेले नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम महिनाभर केले, पण फरक न पडल्याने सोडले. आता प्रकाशाने, शस्त्रक्रियेविना उपचार होतो असे वाचले. तो घ्यावा का? मग व्यायामाची गरज उरते का?

उत्तर : तीन वर्षे हे एकटीने सोसलेत याचे वाईट वाटते, कारण तुमची तक्रार अतिशय सर्वसामान्य आहे आणि तिच्यावरचा पहिला उपचार साधा आहे. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांना खालून आधार देणारे स्नायू ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून (जघनास्थी) माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. बाळंतपणात ते ताणले जातात, पुढे वयानुसार आणखी सैल पडतात. मग खोकताना पोटातला दाब वाढला की मूत्रमार्ग मिटून राहत नाही.

तुम्ही व्यायाम सोडलात तो फार लवकर. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना किमान तीन महिने, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा आणि दर वेळी या स्नायूंची निदान आठ आकुंचने करायला सांगतात. दुसरी शक्यता अशी की, तुमचे आकुंचनच चुकत असावे. नुसत्या तोंडी सूचनेवरून अनेकजणी पोट, मांड्या किंवा नितंब आवळतात, काही जणी तर उलट खाली जोर देतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले तेव्हा दाब मोजणारे उपकरणही वापरले होते, ते याच अडचणीमुळे. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत आणि वर ओढा, काही सेकंद धरा आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. श्वास मात्र चालू ठेवा. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. खोकला किंवा शिंक येणार असे जाणवताच क्षणभर आधी आकुंचन करण्याची सवय लावली, तर गळती पुष्कळदा तिथेच थांबते. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या, असा माझा आग्रह आहे.

आता प्रकाशाविषयी. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे योनीमार्गात वापरला जाणारा लेसर, जो ऊतींना उष्णता देतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये बजावले की, अशा उपकरणांची सुरक्षितता आणि परिणामकारकता या उपयोगासाठी सिद्ध झालेली नाही; भाजणे, व्रण आणि दीर्घकाळ टिकणारी वेदना यांचा उल्लेखही त्या इशाऱ्यात आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कमी शक्तीचा लाल आणि अवरक्त प्रकाश, ज्यात ऊती तापवल्या जात नाहीत. पेशींमधील ऊर्जानिर्मितीला त्याने चालना मिळते, असे त्यामागचे गृहीतक आहे. व्यायामाला त्याची जोड द्यावी का, यावर अभ्यास होत आहेत, पण व्यायामाइतका भक्कम पुरावा त्याच्या पाठीशी नाही. शिवाय कोणताही प्रकाश स्नायूला योग्य वेळी आकसायला शिकवत नाही. ते शिक्षण सरावानेच होते. म्हणून व्यायामाच्या जागी प्रकाशोपचार घेऊ नका. जोड म्हणून घ्यावासा वाटला, तरी तीन महिन्यांचा नीट शिकलेला व्यायाम आधी होऊ द्या. त्यानंतरही त्रास राहिला, तर आधार देणारी पेसरी (योनीमार्गात बसवायचे साधन) आणि शस्त्रक्रिया हे पर्याय आहेतच.

वजन जास्त असेल तर थोडे उतरल्यानेही गळती कमी होते. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांवर वेळीच उपचार करा. लघवीतून रक्त जाणे, जळजळ, लघवी अडणे, सतत थेंब थेंब गळणे यांपैकी काही आढळल्यास मात्र व्यायामाच्या तीन महिन्यांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, आणि जांघेत किंवा पायात अचानक बधिरपणा आला तर त्याच दिवशी.