माझ्या उपचारांत माझे मत कुठे?

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. गेले चार महिने नैराश्यावर उपचार घेत आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टर आईशी बोलतात, मी शेजारी बसलेली असते. मागच्या महिन्यात औषध बदलले, तेही मला घरी आल्यावर कळले. मनःस्थितीच्या नोंदी ठेवणारी आणि उपचारांचे पर्याय समजावून देणारी साधने मोबाइलवर असतात, असे मैत्रिणीकडून ऐकले. त्यांच्या आधाराने मी माझे म्हणणे मांडले, तर तो आगाऊपणा वाटेल का?

उत्तर : ‘घरी आल्यावर कळले’ हे तुझे शब्द मला फार लागले, म्हणून आधी शंकेचेच उत्तर देते. हा आगाऊपणा मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमात, स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा मुलांचा हक्क मान्य केलेला आहे आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य ते वजन द्यावे, असेही म्हटले आहे. मत मांडणे म्हणजे सगळे एकटीने ठरवणे नव्हे. कोणते औषध कशावर चालते हे डॉक्टरांना ठाऊक असते; ते घेतल्यावर तुझा दिवस कसा जातो हे फक्त तुला ठाऊक असते. निर्णय चांगला व्हायचा, तर दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर याव्या लागतात.

मैत्रिणीने सांगितलेली साधने दोन वेगळ्या प्रकारची आहेत. पहिली नोंदींची. ‘गेले दोन आठवडे कसे गेले?’ असे विचारल्यावर आपण बहुधा आज जसे वाटते आहे त्यावरूनच उत्तर देतो. रोजच्या दोन ओळींच्या नोंदीमुळे ही चूक टळते. नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावलीही अशा अनेक साधनांत असते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण जास्तीत जास्त २७. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, पण महिन्याभरात तो १८ वरून ११ वर आला की १८ वरच अडकून राहिला, हे चर्चा सुरू करायला पुरेसे असते.

दुसरा प्रकार मला अधिक मोलाचा वाटतो. ही निर्णयाला मदत करणारी साधने आहेत. मेलबर्नमधील ओरिजेन या युवा मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी नैराश्य असलेल्या तरुणांसाठी असे एक ऑनलाइन साधन तयार केले होते. अशी साधने ‘हे औषध घे’ असे सांगत नाहीत. कोणते पर्याय आहेत, प्रत्येकाने किती जणांना फायदा होतो, त्रास काय होऊ शकतो, हे ती समोर ठेवतात आणि मग ‘तुला यातले काय महत्त्वाचे वाटते?’ असे विचारतात.

आकडे कसे दाखवले जातात, याला इथे फार महत्त्व आहे. अमेरिकेत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलामुलींवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटिन हे औषध आणि सीबीटी ही संवादातून होणारी उपचारपद्धती असे दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के, केवळ औषध मिळालेल्यांपैकी ६१, केवळ सीबीटी मिळालेल्यांपैकी ४३ आणि औषध नसलेली गोळी मिळालेल्यांपैकी ३५ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली. हेच पडद्यावर शंभर ठिपक्यांच्या रूपात, त्यातले ७१ रंगवून दाखवले, की काही न सांगता दोन गोष्टी कळतात : उपचारांचा उपयोग होतो, आणि रंग न लागलेले २९ ठिपकेही आहेत. त्या २९ जणांत आपण असलो तर तो आपला दोष नसतो, पुढचा पर्याय पाहायचा असतो.

धोक्याचेही तसेच आहे. ‘या गोळ्यांनी आत्महत्येचे विचार येतात’ एवढेच अर्धवट वाक्य ऐकून घाबरलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ साली लहान मुले आणि किशोरवयीनांवरील चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा असे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चौघांत आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दोघांत आढळले. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. म्हणून औषध सुरू करताना आणि मात्रा बदलताना पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवतात, आणि म्हणूनच मनात काही वेगळे येऊ लागले तर गोळी परस्पर बंद न करता त्याच दिवशी सांगायचे असते. नेमकी माहिती मिळाली की भीती आटोक्यात येते, हा माझा अनुभव आहे.

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाने अशा साधनातली ‘मला काय महत्त्वाचे’ ही यादी घरी भरून आणली होती. प्रत्येक ओळीपुढे एक पट्टी, बोटाने सरकवायची. ‘लवकर बरे वाटावे’ ही पट्टी त्याने मध्यावरच ठेवली होती आणि ‘दिवसा झोप येऊ नये’ ही पार टोकाला नेली होती. तो काही बोलला नाही. फोन टेबलावर ठेवून पडदा माझ्याकडे फिरवला. मग हळूहळू बाहेर आले, की वर्गात डोळे मिटतात म्हणून तीन आठवडे तो सकाळची गोळी घेतच नव्हता आणि घरी मात्र ‘घेतली’ म्हणून सांगत होता. मनोविकारतज्ज्ञांशी बोलणे झाल्यावर त्यांनी तीच गोळी रात्री घ्यायला सांगितली. एवढा साधा बदल, पण तो सुचायला ती पट्टी दिसावी लागली.

तू पुढच्या वेळी जाण्यापूर्वी दोन-तीन मुद्दे फोनवर लिहून ठेव आणि सुरुवातीलाच म्हण, ‘डॉक्टर, मला पाच मिनिटे एकटीला बोलायचे आहे.’ आईला हे आदल्या दिवशी सांगितलेस, तर तिला ते लागणार नाही.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा उपचारांचा भाग म्हणून ॲपमध्ये रोज नोंदी करतो, पण आम्हाला दाखवत नाही. आईवडिलांना कळायला नको का? शिवाय ही माहिती जाते कुठे?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. पण तुम्ही वाचता हे कळले, की तो तुम्हाला वाचायला बरे वाटेल तेच लिहू लागेल आणि मग त्या नोंदी डॉक्टरांच्याही उपयोगाच्या राहणार नाहीत. काय दाखवायचे हे मुलगा, तुम्ही आणि डॉक्टर अशा तिघांनी बसून आधीच ठरवा. आठवड्याचा आलेख सर्वांनी पाहावा, मजकूर त्याचा त्याच्याकडे राहावा आणि जिवाला धोका असल्याचे दिसले तर तुम्हाला लगेच सांगितले जावे, असा करार बहुतेक मुले मान्य करतात.

इथे एक गोष्ट आवर्जून विचारा. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. रात्री दोन वाजता मुलाने त्याला ‘हो’ म्हटले, तर ते कोण वाचते आणि कधी? अनेक साधनांत ते उत्तर पुढच्या भेटीपर्यंत कुणीही पाहत नाही. अशा वेळी कोणाला उठवायचे, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे कागदावर लिहून घरात ठेवा.

माहितीच्या गोपनीयतेबाबत सावध राहणे योग्यच आहे. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या एका मोठ्या कंपनीने ग्राहकांची आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. डॉक्टरांनी किंवा संस्थेने सुचवलेलेच साधन घ्या, जाहिरातदारांना माहिती देण्याची परवानगी नाकारा आणि नोंदी कायमच्या पुसता येतात की नाही, हे आधी पाहा.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. तरुण मुले अशा नोंदी घेऊन येतात, पण एका भेटीला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. त्यात हे सगळे कधी पाहायचे?

उत्तर : सगळे पाहू नका. ‘यातले मी आज काय पाहावे असे तुला वाटते?’ असे विचारा आणि ती एकच नोंद दोघांनी मिळून वाचा. दोन मिनिटे लागतात. तेवढेही जमणार नसेल, तर मुलांना भरायला सांगूच नका. तीन आठवडे मन लावून लिहिलेले कुणी उघडून पाहिले नाही, की चौथ्या आठवड्यात मूल लिहायचे थांबते, आणि पुष्कळदा यायचेही.